परसबागेचा पाठ : बी पारखणे, पेरणे व राखणे

घराच्या परसात किंवा शाळेच्या आवारात भाजीचा वाफा करणे हे काम खेड्यातील मुलांस नवे नाही. बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक व आसपासच्या गावांतील मुले ऊस, पाट आणि पाळीचे पाणी पाहतच वाढतात. तथापि हाती घेतलेले बी उगवेल काय, उगवल्यास ते मूळ झाडासारखे फळ देईल काय आणि ते फळ खाण्यास निर्धोक असेल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा सवयीने दिली जातात, पारखून दिली जात नाहीत. परसबागेचा पाठ या तीन प्रश्नांभोवती रचल्यास त्यातून गणित, निसर्गविज्ञान व आरोग्य यांचे शिक्षण सहज साधते.

हा विचार आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतून शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे व त्यासाठी लहानशी नमुना-शेती असावी, अशी मागणी केली होती. शाळेतील दोन वाफे ही त्याच मागणीची अल्पशी पूर्ती होय.

१. जमीन व पाणी

बारामती परिसर पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. नीरा डाव्या कालव्यामुळे येथे बागायत झाली. परंतु जेथे पाणी अधिक दिले गेले व निचरा राहिला नाही, तेथे जमिनी खारवटल्या. वाफा सुकल्यावर मातीवर पांढरा थर दिसला, तर तो क्षारांचा समजावा. माती व पाणी यांचे परीक्षण शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात करून घेता येते.

खारवट जागी पेरणीची रीत बदलावी. पाण्याबरोबर क्षार वर चढतात व वरंब्याच्या माथ्यावर साठतात. म्हणून बी माथ्यावर न टोकता वरंब्याच्या बगलेत, ओलीच्या रेषेजवळ टोकावे. घेवडा, गाजर व कांदा यांस खारटपणा सोसत नाही. आपल्याकडील पालक हा बीटच्या कुळातील असल्याने पुष्कळ तग धरतो. दोन्ही पिके शेजारी पेरून मुलांस फरक पाहू द्यावा.

२. बियांची उगवण तपासणे

पेरणीपूर्वी १०० बिया मोजून घ्याव्यात. त्या ओल्या गोणपाटावर किंवा फडक्यावर दहा-दहाच्या रांगांत मांडून त्याची गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. मुळा व मेथी ३ ते ५ दिवसांत मोड धरतात, टोमॅटो आठवड्याभरात. मिरची व वांगे यांस दोन आठवडेही लागतात. निरोगी मोड आलेल्या बियांची संख्या हीच उगवणीची टक्केवारी होय.

उदाहरणार्थ, भेंडीच्या १०० बियांपैकी ६४ उगवल्या व वाफ्यात ४० झाडे हवी आहेत. तर ४० ला ६४ ने भागून १०० ने गुणावे. उत्तर ६२.५ येते, म्हणजे निदान ६३ बिया टोकाव्या लागतील. प्रमाणित बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा टोमॅटो व वांगे यांस ७० टक्के, भेंडीस ६५ टक्के व मिरचीस ६० टक्के आहे. वरील भेंडी त्या मर्यादेच्या किंचित खाली आहे, हे मुलांनीच सांगावे.

पाकिटातील लाल, हिरवे वा निळे दिसणारे बी औषध लावलेले असते. ते मुलांनी उघड्या हाताने हाताळू नये, तोंडात घालू नये व उरल्यास दळू अथवा शिजवू नये. पेरणीनंतर हात साबणाने धुवावेत.

३. पेरणी

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. बारीक बी खोल गेल्यास अंकुर वर येण्यापूर्वीच शक्ती संपते. टोमॅटो, वांगे व मिरची यांची रोपे गादीवाफ्यावर करून ४ ते ६ आठवड्यांनी लावावीत. भेंडी, गवार, मुळा, मेथी व वेलभाज्या जागीच पेराव्यात. धने हलके रगडून त्यांची दोन दले वेगळी करावीत, कारण प्रत्येक दलात एक बी असते. शेणखत पूर्ण कुजलेले असावे.

फळझाडांत पपई मुलांसाठी उत्तम, कारण फळ वर्षभरात हाती येते. पपईच्या बीवरील बुळबुळीत आवरण उगवणीस अडथळा आणते. म्हणून ते राखेने चोळून काढावे व बी सावलीत वाळवावे. पुष्कळ वाणांत सुमारे निम्मी झाडे नर निघतात. यासाठी एका खड्ड्यात तीन रोपे लावून फुले आल्यावर एक मादी झाड राखावे. नर झाडे सर्वच काढू नयेत. परागासाठी थोडी ठेवावीत. सीताफळ बियांपासून होते. परंतु पेरू व कलमी आंबा यांची कोय वा बी लावल्यास फळ मूळ झाडासारखेच येईल असा भरवसा नसतो.

४. बी राखणे

संकरित वाणाच्या फळातून धरलेले बी पुढील पिढीत फाकते. काही झाडे उंच, काही खुजी, फळेही निरनिराळी. म्हणून बी राखण्यासाठी सरळ वाणच घ्यावा. घेवडा, वाल, मेथी व टोमॅटो यांत बहुतांशी स्वपरागीभवन होते. त्यांचे बी मुलांनी प्रथम राखावे. वेलवर्गीय भाज्यांत पराग मधमाश्या वाहून नेतात. त्यामुळे एकाच जातीचे दोन वाण जवळ असल्यास बी मिसळते.

या ठिकाणी एक रूढ समज दूर करावा. कारल्याशेजारी दुधी लावल्यास दुधी कडू होतो, असे म्हटले जाते. ही दोन्ही भिन्न जातींची झाडे असून त्यांचा संकर होत नाही. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते, कारल्याचे पिवळे फूल सकाळी. हे मुलांस प्रत्यक्ष दाखवावे. दुधी व काकडीतील कडवटपणा एका विशिष्ट द्रव्यामुळे येतो. तो बीजाच्या गुणधर्मातून उतरतो, तसेच पाण्याचा ताण व अति उष्णता यांमुळेही वाढतो.

हा कडवटपणा केवळ चवीचा प्रश्न नाही. कडू दुधीच्या रसाने तीव्र उलट्या, पोटदुखी व रक्तस्राव होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. शिजविल्याने हे द्रव्य नाहीसे होत नाही. परसबागेतील दुधी शालेय पोषण आहारात वापरण्यापूर्वी स्वयंपाकिणीने किंवा शिक्षकाने प्रत्येक फळाची लहान फोड जिभेस लावून पाहावी व थुंकून टाकावी. कडू लागल्यास ते संपूर्ण फळ टाकावे. त्या वेलाचे बीही राखू नये.

राखण्याचे बी निरोगी झाडाच्या पूर्ण पक्व फळातून घ्यावे, सावलीत कडकडीत वाळवावे व कोरड्या राखेत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यावर पिकाचे नाव, वाण, वर्ष व उगवणीची टक्केवारी लिहावी.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे शिक्षण न घेता देशी वाणांचे बीजभांडार उभे केले. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असे ज्ञान गावोगाव असते. मुलांनी आजीकडून एकेका बियाण्याची माहिती लिहून आणावी, आणि शाळेत त्याची उगवण तपासावी.

गृहपाठ

(१) घरातील कोणत्याही एका बियाण्याची उगवण तपासून तक्ता करा.
(२) ७५ टक्के उगवणीच्या बियांतून ३० रोपे मिळविण्यास किती बिया लागतील?
(३) दुधी व कारले यांची फुले कोणत्या वेळी उमलतात, हे तीन दिवस पाहून नोंदवा.