स्क्रीन कुठलीही असो, ‘बाकी’चा आकडा दिसलाच पाहिजे



मागच्या भागात आपण विंडोज फॉर्म्समध्ये बिलाची विंडो तयार केली. वर पार्टीचं नाव आणि तारीख, मध्ये मालाची यादी, खाली एकूण, जमा, बाकी आणि ‘बिल सेव्ह’चं बटण. तुमच्या कॉम्प्युटरवर ती छान दिसते. पण दुकानात कॉम्प्युटर एकच नसतो. काउंटरला एक मॉनिटर, गोडाऊनला त्याच्याहून जुना चौकोनी मॉनिटर, आणि मालकाकडे नवा लॅपटॉप. एकच विंडो या तिन्ही ठिकाणी नीट कशी बसवायची, हा आजचा धडा.

हे फक्त दिसण्याचं काम आहे असं समजून पुढच्या व्हिडिओवर जाऊ नका. यात पैशाचा प्रश्न आहे. कसा ते बघा.

आपल्या बॅचमधल्या एकांचा चादरी-टॉवेलचा होलसेल धंदा आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी गर्दीचे दिवस, म्हणून त्यांनी काउंटरवर नवा लॅपटॉप आणला. सॉफ्टवेअर जुनंच, ओळखीच्या मुलाकडून करून घेतलेलं. नव्या लॅपटॉपवर विंडोचा खालचा पट्टा दिसेनासा झाला. ‘एकूण’ अर्धवट दिसायचं, ‘जमा’ आणि ‘बाकी’ टास्कबारच्या खाली गेले. काउंटरवरचा पोरगा माल टाकायचा, शॉर्टकट दाबायचा, बिल सेव्ह. आणि ‘जमा’च्या चौकटीत सॉफ्टवेअर आपोआप पूर्ण रक्कम भरत होतं. म्हणजे उधारीवर माल नेलेल्या पार्ट्यांची बिलंही रोखीत चढली. रात्री गल्ला जुळेना. शेवटी कागदावरच्या नोंदींवरून एकेक बिल परत तपासावं लागलं. नोंदी होत्या म्हणून निभावलं. नसत्या तर ती उधारी कुणाकडे मागायची?

सॉफ्टवेअर करणाऱ्याचं उत्तर काय होतं? “मोठा मॉनिटर घ्या.” गंमत म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन आधीच्या मॉनिटरपेक्षा जास्त पिक्सेलची होती. मग जागा कमी का पडली?

आधी जागा मोजा

नव्या लॅपटॉपच्या पाटीवर १९२० × १०८० लिहिलेलं असतं. पण पंधरा इंचांत एवढे बारीक पिक्सेल बसवले की अक्षरं मुंगीएवढी दिसतात. म्हणून विंडोज सगळं मोठं करून दाखवतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथे ‘स्केल’ बघा. १२५ टक्के किंवा १५० टक्के लिहिलेलं सापडेल. त्या आकड्याने भागलं की खरी जागा कळते.

• १९२० × १०८०, स्केल १२५ टक्के: हातात १५३६ × ८६४
• १९२० × १०८०, स्केल १५० टक्के: हातात १२८० × ७२०
• जुना मॉनिटर १३६६ × ७६८, स्केल १०० टक्के: हातात १३६६ × ७६८
• चौकोनी मॉनिटर १०२४ × ७६८, स्केल १०० टक्के: हातात १०२४ × ७६८

दुसरी आणि तिसरी ओळ परत वाचा. १५० टक्क्यांवरच्या नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या मॉनिटरपेक्षा जागा कमी आहे, रुंदीतही आणि उंचीतही. त्यातून विंडोज ११ चा टास्कबार ४८ घेतो. ७२० मधून ४८ गेले, उरले ६७२. विंडोची वरची नावाची पट्टीही यातच बसवायची. चादरीवाल्यांची ‘बाकी’ या हिशोबात हरवली होती.

म्हणून आपलं माप आजच ठरवून टाकूया. सगळ्यात कमी रुंदी चौकोनी मॉनिटरची, १०२४. सगळ्यात कमी उंची नव्या लॅपटॉपची, ६७२. दोन्हीकडून थोडं सोडून विंडो १००० × ६५० मध्ये पूर्ण दिसली पाहिजे. त्याच्यावर मिळेल ती जागा बोनस.

बोनस जागा कुणाला द्यायची?

लेआउटचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. आणि याचं उत्तर प्रोग्रामरने नाही, दुकानदाराने द्यायचं असतं.

आपल्या शुक्रवार पेठेतलं उदाहरण घ्या. गाळा दहा फुटांचा असो नाहीतर वीस फुटांचा, गल्ल्याचं टेबल तेवढंच राहतं. मोठ्या गाळ्यात वाढतात त्या मालाच्या मांडण्या. आणि गाळा लहान झाला म्हणून गल्ला कुणी रस्त्यावर ठेवत नाही. मांडणी कमी करतो. विंडोतही तेच. प्रत्येक वस्तूला विचारायचं, जागा वाढली तर तू काय करणार? उत्तरं तीनच आहेत.

१. जागेवर राहणार: पार्टीचा मोबाइल नंबर, जीएसटी नंबर. दहा आकडे आणि पंधरा अक्षरं, त्याला हातभर चौकट कशाला?
२. कडेबरोबर सरकणार: एकूण, जमा, बाकी, सेव्हचं बटण. हे कायम उजव्या खालच्या कोपऱ्यात.
३. ताणून मोठं होणार: मालाची यादी, आणि यादीतही फक्त मालाच्या नावाचा रकाना.

वहीचं एक पान घ्या, विंडोचं चित्र काढा आणि प्रत्येक चौकटीवर १, २ किंवा ३ लिहा. हे झाल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू नका. खरं काम इथेच होतं, पुढचं फक्त क्लिक करणं आहे.

आता व्हिज्युअल स्टुडिओमध्ये

पायरी १: तीन पट्टे. फॉर्मवर दोन पॅनेल आणि एक डेटाग्रिडव्ह्यू ठेवा. वरच्या पॅनेलची ‘डॉक’ प्रॉपर्टी ‘टॉप’, खालच्याची ‘बॉटम’, आणि ग्रिडची ‘फिल’. डॉक म्हणजे कडेला चिकटवणं. फिल म्हणजे उरलेली सगळी जागा घेणं. ग्रिडच्या पहिल्या ओळी वरच्या पॅनेलमागे लपल्या, तर ग्रिडवर राइट क्लिक करून ‘ब्रिंग टू फ्रंट’ करा. फिल असलेली वस्तू सगळ्यात पुढे असली की बाकीच्यांचं वाटप आधी होतं आणि उरलेली जागा तिला मिळते. एवढ्या एका पायरीने ‘बाकी’चा पट्टा विंडोच्या तळाला पक्का बसतो. विंडो लहान झाली तर मधल्या यादीच्या चार ओळी कमी दिसतील, स्क्रोल करता येईल. आकडा हलणार नाही.

पायरी २: खालच्या पट्ट्यात अँकर. नवीन ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा अँकर ‘टॉप, लेफ्ट’ असतो, म्हणजे वस्तू डाव्या वरच्या कोपऱ्याला बांधलेली. म्हणून विंडो लहान झाली की उजवीकडचं सगळं कापलं जातं. एकूण, जमा, बाकी आणि बटण यांचा अँकर ‘टॉप, राइट’ करा. शेरा लिहायची चौकट डावीकडे असेल तर तिचा ‘टॉप, लेफ्ट, राइट’, म्हणजे ती ताणेल. लेफ्ट आणि राइट दोन्ही काढले तर वस्तू मधल्या मध्ये तरंगत राहते, ते टाळा.

पायरी ३: यादीचे रकाने. मालाच्या नावाच्या रकान्याचा ‘ऑटोसाइजमोड’ ‘फिल’ ठेवा आणि ‘मिनिममविड्थ’ २२० द्या. नग, दर, रक्कम यांना ठरावीक रुंदी. आपल्याकडे मालाची नावं लांबलचक, ‘चादर डबल मयूर डिझाइन मरून’. नाव अर्धं कापलं की पोरगा सिंगलच्या जागी डबल टाकतो आणि दर बदलतो. म्हणून बोनस जागा नावाला. सगळेच रकाने फिल केलेत तर नगाच्या दोन आकड्यांना उगाच चार बोटं जागा जाईल आणि नाव तसंच तुटकं राहील.

पायरी ४: वरचा पट्टा. इथे टेबललेआउटपॅनेल वापरा. ‘पार्टी’, ‘पत्ता’ अशा नावांच्या रकान्याला ‘ऑटोसाइज’, आणि लिहायच्या चौकटीच्या रकान्याला १०० टक्के. चौकटीचा अँकर ‘लेफ्ट, राइट’. मोबाइल आणि जीएसटी नंबरच्या चौकटींचा फक्त ‘लेफ्ट’. मधल्या जादा बटणांसाठी फ्लोलेआउटपॅनेल चांगलं. जागा संपली की बटण आपोआप पुढच्या ओळीत जातं.

पायरी ५: मराठी अक्षरं. इंग्रजी पाट्यांच्या मापावर मराठी लिहिलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. ‘एकूण’मधला ऊकार गेला, असं पाहिलं असेल. लेबल आणि बटण दोन्हींचं ‘ऑटोसाइज’ चालू ठेवा, बटणाला थोडं ‘पॅडिंग’ द्या. फॉन्ट निर्मला यूआय घेतलात तर आजच्या विंडोजमध्ये तो आधीपासून असतो, वेगळा टाकावा लागत नाही.

पायरी ६: खालची मर्यादा. फॉर्मची ‘मिनिममसाइज’ १००० × ६५० करा. कुणी कोपरा धरून विंडो लहान करायला गेलं तरी त्याच्याखाली जाणार नाही. ‘विंडोस्टेट’ ‘मॅक्सिमाइज्ड’ ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअर उघडताच पूर्ण स्क्रीन घेईल.

पायरी ७: स्केल. फॉर्मचा ‘ऑटोस्केलमोड’ ‘फॉन्ट’ किंवा ‘डीपीआय’ असू द्या, ‘नन’ नको. नन केलं की अक्षरं वाढतात आणि चौकटी तेवढ्याच राहतात.

आणि लेआउटबाहेरची एक गोष्ट, पण आजच करून टाका: ‘जमा’ची चौकट आपोआप भरू नका. रिकामी ठेवा आणि रिकामी असेल तर बिल सेव्ह होऊ देऊ नका. रोख असो वा उधार, आकडा माणसानेच टाकायचा. एखाद्या दिवशी लेआउट फसलं तरी हिशोब फसणार नाही.

अर्ध्या तासाची परीक्षा

तीन कॉम्प्युटर गोळा करायची गरज नाही. आपल्याच मशीनवर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्युशन आणि स्केल बदलून बघा. आधी १०२४ × ७६८ वर १०० टक्के, मग १३६६ × ७६८ वर १०० टक्के, मग १९२० × १०८० वर १५० टक्के. स्केल बदलल्यावर साइन आउट करून परत साइन इन करा, नाहीतर जुन्याच मापाने विंडो उघडेल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. प्रत्येक वेळी हे चार तपासा:

• एकूण, जमा, बाकी पूर्ण दिसतात का?
• सेव्हचं बटण माउसने दाबता येतं का?
• सगळ्यात लांब नावाचा माल ओळखू येतो का?
• तीस ओळींचं बिल टाकल्यावरही खालचा पट्टा जागेवर आहे का?

चौथी परीक्षा बरेच जण विसरतात. दोन ओळींच्या बिलावर कुठलंही सॉफ्टवेअर शहाणं दिसतं.

सॉफ्टवेअर दुसऱ्याने केलेलं असेल तर

तुमच्याकडे कोड नाही, म्हणून हात बांधलेले नाहीत. तात्पुरता इलाज म्हणजे स्केल १५० वरून १२५ किंवा १०० करून बघा. अक्षरं बारीक होतील, पण लपलेला पट्टा वर येईल. टास्कबार आपोआप लपेल अशी सेटिंग केली तर उंचीत ४८ परत मिळतात. अक्षरं धुरकट दिसत असतील तर सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे ओव्हरराइडमध्ये ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडून बघा. काही सॉफ्टवेअरना याने लगेच फरक पडतो.

पक्का इलाज व्यवहारातला आहे. नवीन सॉफ्टवेअर करून घेताना ऑर्डरमध्येच लिहून घ्या: “विंडो १००० × ६५० मध्ये पूर्ण दिसावी; १५० टक्के स्केलवर चालवून दाखवावी.” वरची परीक्षा समोर बसून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. आणि जे स्वतः दुकानदारांना सॉफ्टवेअर विकणार आहेत त्यांनी उलट करावं. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच त्याच्या काउंटरवरच्या स्क्रीनचं रिझोल्युशन आणि स्केल वहीत लिहून आणा. डेमोला गेल्यावर बटण सापडलं नाही, तर तुमचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, सौदा तिथेच तुटतो.

दुसरी भाषा वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. पायथॉनच्या टीकिंटरमध्ये अँकरचं काम ‘स्टिकी’ करतं, आणि बोनस जागा कुणाला हे ‘वेट’ ठरवतं. वेट दिलाच नाही तर तो शून्य असतो, म्हणजे कुणीच ताणत नाही. एक्सेलच्या यूजरफॉर्ममध्ये अँकर नाही; तिथे फॉर्म लहानच करा आणि गरज पडली तर ‘स्क्रोलबार्स’ चालू करा. नावं बदलतात, कागदावरचे १, २, ३ तेच राहतात.

गृहपाठ

दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं रिझोल्युशन आणि स्केल आज लिहून काढा, भागाकार करा. मग आपल्या बिलाच्या विंडोचं चित्र काढून आकडे टाका. कुठल्या चौकटीला २ द्यायचा यावर अडलात, तर एवढंच विचारा: हा आकडा दिवसभर दिसला नाही तर माझं नुकसान होईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्याची जागा खालच्या पट्ट्यात, उजव्या कोपऱ्यात.

पुढच्या भागात हेच बिल तीन इंची थर्मल प्रिंटरच्या कागदावर बसवूया. तिथे तर बोनस जागा मुळीच नसते.