जुना खेळ आणि दुभाष्या

१९९० साली विंडोज ३.० बरोबर 'सॉलिटेअर' हा पत्त्यांचा खेळ आला. त्याची आज्ञावली १६ बिटांची होती. ६४ बिटांच्या विंडोजवर ती मूळ आज्ञावली चालत नाही. गंमत अशी, की जिच्यासाठी ती लिहिलीच नव्हती, त्या लिनक्स प्रणालीवर मात्र ती चालविता येते. हे कसे घडते?

आज्ञा आणि मागण्या

खेळाच्या आज्ञावलीत दोन प्रकारची कामे असतात. बेरीज, तुलना यांसारख्या आज्ञा संगणकाचा प्रोसेसर थेट पार पाडतो. 'खिडकी उघड', 'पत्ता पडद्यावर काढ', 'माउस कोठे आहे ते सांग' या मात्र प्रणालीकडे केलेल्या मागण्या होत. त्या विंडोजच्या पद्धतीने केलेल्या असल्याने लिनक्सला कळत नाहीत.

समजा, बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीचा एक शेतकरी मिरची घेऊन गुंटूरच्या बाजारात गेला. पोती तो स्वतःच उतरवील व मोजील. त्यासाठी भाषा लागत नाही. भाव विचारताना मात्र तेलुगू जाणणारा दुभाष्या हवा.

'वाइन' ही आज्ञावली असाच दुभाष्या आहे. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालावेत म्हणून १९९३ साली तिचे काम सुरू झाले. खेळाची मागणी ती लिनक्सला समजेल अशा रूपात पोचविते व उत्तर परत आणते. प्रोसेसरच्या आज्ञांना ती हात लावीत नाही. म्हणून खेळ सहसा फारसा मंदावत नाही. याउलट एम्युलेटर सबंध यंत्राचीच नक्कल करतो आणि त्यात बराच वेळ खर्च होतो.

मर्यादा

दोन्हीकडचा प्रोसेसर एकाच जातीचा हवा. मोबाइलमधील प्रोसेसर बहुधा वेगळ्या जातीचा असतो. तेथे आज्ञांचेही भाषांतर करावे लागते. शिवाय मूळ सीडी तपासणारी काही खेळांतील व्यवस्था प्रणालीच्या गाभ्यात शिरू पाहते. तेथे दुभाष्याचे काही चालत नाही.

उपयोग काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. असे कित्येक संगणक नव्या विंडोजला चालत नाहीत, पण लिनक्सवर उत्तम काम देतात. सी-डॅक या आपल्या संस्थेने 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे. शाळेतील जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी हा मार्ग अवश्य पाहावा. जुन्या सीडीवरील शैक्षणिक कार्यक्रमही त्यावर चालण्याचा संभव आहे.

करून पाहा

एकच जुना खेळ कमीअधिक वेगाच्या दोन संगणकांवर चालवा. खेळातील एखादी ठरावीक हालचाल पुरी होण्यास किती सेकंद लागतात, ते घड्याळाने पाच वेळा मोजून सरासरी काढा. दोन्ही सरासऱ्या सारख्या आल्या, तर खेळ घड्याळ पाहून चालतो. वेगवान संगणकावर वेळ बराच कमी आला, तर तो काय मोजून चालत असेल? विचार करा.