दगडावर कोरलेला कायदा : प्राचीन रोमच्या सीमाशिला

रोमचा इतिहास म्हटला की सीझर, ऑगस्टस आणि त्यांच्या फौजा आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु रोमचे राज्य सामान्य माणसापर्यंत कसे पोचत होते हे पाहावयाचे असेल, तर रस्त्याच्या कडेला व शेताच्या कोपऱ्यात रोवलेल्या दगडांकडे वळावे लागते.

त्यांतले मैलाचे दगड सर्वपरिचित आहेत. रोमन मैल हजार दुहेरी पावलांचा, म्हणजे सुमारे १४८० मीटरचा. पुढील काळात या खांबांवर अंतरापेक्षा सम्राटाच्या बिरुदांनाच अधिक जागा मिळू लागली. काहींवर तर अंतराचा आकडाच नाही! वाटसरूला त्याचा काय उपयोग, हे सम्राटच जाणोत. रोम शहराच्या पवित्र सीमेवरही असेच दगड असत. क्लॉडियसने इ. स. ४९ मध्ये ही सीमा वाढविली, त्या वेळचा एक दगड २०२१ साली गटाराच्या कामात सापडला.

मात्र खरे महत्त्व शेताच्या दगडांचे. सीमेचा दगड हा रोमनांच्या दृष्टीने टर्मिनस नावाचा देवच होता. दरवर्षी २३ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे शेजारी एकत्र येऊन त्याला हार घालीत, नैवेद्य दाखवीत. दगड नांगरून काढणारा माणूस आणि त्याचे बैलही शापित ठरत, असा जुना नियम सांगितला जातो. (बांध कोरणाऱ्यांचे बैलही दोषी धरावेत, ही कल्पना आमच्या गावी कोणास रुचेल असे वाटत नाही!) पण मोजणीदार केवळ देवावर विसंबून राहत नसत. दगडाखाली ते कोळसा, राख, खापऱ्या पुरून ठेवीत. दगड हलविला तरी खालची खूण जागा दाखवून देई.

या दगडांना रक्ताचा इतिहासही आहे. सरकारी मालकीची विस्तीर्ण जमीन धनिकांनी बळकावली होती आणि लहान शेतकरी देशोधडीला लागत होता. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस याने कायदा करून अशा जमिनीवर एका माणसाला ५०० युगेरा, म्हणजे सुमारे १२५ हेक्टर, ही कमाल मर्यादा घातली. उरलेली जमीन गरिबांना वाटावयाची होती. त्याच वर्षी सिनेटच्या सभासदांनी व त्यांच्या माणसांनी त्याला भर शहरात मारून टाकले.

तरीही वाटपाचे त्रिसदस्य मंडळ काम करीत राहिले. दक्षिण इटलीत त्यांचे गोल दगड सापडले आहेत. माथ्यावर मोजणीच्या रेषांची दिशा, अंगावर तीन नावे : गायस ग्रॅकस, अ‍ॅपियस क्लॉडियस, लिसिनियस क्रॅसस. यांपैकी क्रॅसस हा टायबेरियसच्या जागी आलेला. ज्याने कायदा केला त्याचेच नाव या दगडांवर नाही.

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील फानो येथील एक शिळा मला सर्वांत बोलकी वाटते. सुमारे ५० वर्षांनंतर व्हॅरो लुकुलस नावाच्या अधिकाऱ्याने तीवर कोरविले आहे की, त्या तिघांनी जेथे सीमेचे दगड रोवले होते तेथे ते पुन्हा उभे करण्याचे काम आपण करवून घेतले. कोणाच्या हुकमावरून? तेही त्या शिळेवरच नमूद आहे : सिनेटच्या ठरावानुसार.