झुडपी जंगल आणि न्यायालयीन पुनर्विलोकन : नागरिकशास्त्राचा पाठ आपल्याच जिल्ह्यातून



आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्था शिकवताना 'न्यायालयीन पुनर्विलोकन' हा शब्द आला की वर्ग गप्प होतो. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण उदाहरणं सगळी दिल्लीची असतात. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसाठी याचं उत्तम उदाहरण गावाच्या शिवारातच आहे. ते म्हणजे झुडपी जंगल.

आधी तीन शब्द वेगळे करू

मुलांचा गोंधळ इथेच होतो. *अपील* म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल पटला नाही म्हणून वरच्या न्यायालयात जाणं. *पुनर्विचार याचिका* म्हणजे ज्या न्यायालयाने निकाल दिला त्यालाच 'पुन्हा एकदा बघा' अशी विनंती करणं. *न्यायालयीन पुनर्विलोकन* मात्र सरकारबद्दल असतं. विधिमंडळाने केलेला कायदा संविधानात बसतो का, अधिकाऱ्याने काढलेला आदेश कायद्यात बसतो का, हे न्यायालय तपासतं. बसत नसेल तर तो रद्द होतो.

यासाठी संविधानात तीन कलमं लक्षात ठेवायला सांगा. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा टिकत नाही, हे कलम १३ सांगतं. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं ते कलम ३२ मुळे. उच्च न्यायालयात जाता येतं ते कलम २२६ मुळे. आपल्यासाठी ते उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. इंग्लंडमध्ये संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. आपण बरीचशी न्यायपद्धत तिकडून घेतली, पण लेखी संविधान सर्वांच्या वर ठेवलं. हा फरक मुलांना जरूर सांगा.

झुडपी जंगलाची गोष्ट

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत जुन्या महसुली कागदांवर काही जमिनींपुढे 'झुडपी जंगल' अशी नोंद आहे. राज्यात इतरत्र हा शब्द सहसा भेटत नाही, कारण तो जुन्या मध्यप्रांताच्या दप्तरातला आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पण नोंदी तशाच राहिल्या. जमीन हलकी, खुरटी झुडपं, गावाची ढोरं चरायला जायची. नावात 'जंगल', पण ताबा महसूल खात्याचा.

मग गावं वाढली. शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, घरं, सरकारी कचेऱ्या यांना जागा लागली. महसूल खात्याने या जमिनींतून जागा दिल्या. त्या वेळी यात वावगं काही आहे असं कुणाला वाटलं नाही.

२५ ऑक्टोबर १९८० रोजी वन (संवर्धन) कायदा लागू झाला. (गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होती, वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला.) या कायद्याच्या कलम २ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. पण 'वन' म्हणजे नेमकं काय? घनदाट झाडी असेल तेच, की कागदावर 'जंगल' लिहिलंय तेही?

याचं उत्तर १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलं. शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते वन, आणि सरकारी नोंदीत वन म्हणून लिहिलेली जमीनही वनच, मालकी कुणाचीही असो. खटला मूळ तामिळनाडूतल्या निलगिरीच्या जंगलाचा, पण त्याचा परिणाम आपल्या झुडपी जंगलापर्यंत आला. मुलांना इथे थांबवून विचारा : न्यायालयाने नवा कायदा केला का? नाही. संसदेनेच वापरलेल्या एका शब्दाचा अर्थ लावला. पण तेवढ्याने सरकारचे हात बांधले गेले.

राज्य सरकारचं म्हणणं होतं की यातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनासाठी उपयोगाची नाही, तिला वनाचे नियम लावू नयेत. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला. झुडपी जंगल ही १९९६ च्या आदेशानुसार वनजमीनच आहे.

मग त्यावरच्या शाळेचं काय?

पाठाचा गाभा इथे आहे. पुनर्विलोकन करताना न्यायालयाला दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला, सरकारने केलं ते कायद्याला धरून होतं का? दुसरा, नव्हतं, तर त्यावर विसंबून ज्यांनी घर बांधलं, शाळा उभारली, त्यांचं काय? आपण मुलांना पहिलाच प्रश्न शिकवतो. दुसरा राहून जातो, आणि सामान्य माणसाचं आयुष्य दुसऱ्यावरच अवलंबून असतं.

या निकालात न्यायालयाने जमिनींचे गट पाडले :

- १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने रीतसर दिलेल्या जमिनी : राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवून मंजुरी घ्यावी. अपवाद म्हणून त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट नाही आणि वनाच्या मूल्याची रक्कमही भरायची नाही. मात्र हा अपवाद दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दाखला म्हणून वापरता येणार नाही.
- त्या तारखेनंतर दिलेल्या जमिनी : का दिल्या आणि कोणत्या अधिकाऱ्यांनी दिल्या, हे राज्याने सांगावं. त्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याची खात्री करूनच केंद्राने प्रस्ताव पुढे न्यावा.
- २५ ऑक्टोबर १९८० नंतर व्यापारी कामासाठी दिलेल्या जमिनी : अतिक्रमण समजून हटवाव्यात. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष पथक आणि दोन वर्षांची मुदत.
- महसूल खात्याच्या ताब्यात उरलेल्या जमिनी : एका वर्षात वनखात्याकडे द्याव्यात.

बघा, कायद्याचा अर्थ सर्वांना एकच लावला. पण जुन्या रीतसर वाटपावर उभी असलेली शाळा आणि नंतर उठलेलं व्यापारी बांधकाम यांना एका तराजूत तोललं नाही.

आपल्या पेशाशी जोडलेलं आणखी एक उदाहरण घ्या. आंध्र प्रदेशात २००० साली शासन आदेशाने अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांमधली शिक्षकांची सर्व पदं अनुसूचित जमातींसाठी राखली होती. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो आदेश घटनाबाह्य ठरवला. पण आधी नोकरीला लागलेल्या शिक्षकांना घरी पाठवलं नाही. पुढे आरक्षणाची मर्यादा ओलांडायची नाही, या अटीवर त्यांच्या नेमणुका कायम ठेवल्या. दोन्ही प्रश्न इथेही दिसतात.

वर्गात काय करता येईल?

१. शाळेच्या जागेचा कागद बघा. मुख्याध्यापकांमार्फत तलाठ्याकडून सातबारा मिळतो. शाळा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नोंदी पाहा. जागा कुणाच्या नावे आहे, नोंद कोणती आहे, हे मुलांनी स्वतः वाचावं.

२. गटचर्चा घ्या. एक गट गुराखी, एक गट वनखातं, एक गट घर बांधलेलं कुटुंब, एक गट न्यायाधीश. न्यायाधीशांच्या गटाने दोन्ही प्रश्नांची उत्तरं कारणांसह लिहायची. 'वन वाचलं पाहिजे' किंवा 'गरिबाचं घर वाचलं पाहिजे' एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धं.

३. वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) वाचून दाखवा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे गावाला शाळेची नवी खोली हवी असेल तर कायदेशीर वाट आहे, आणि ती ग्रामसभेतून जाते.

एक सूचना मात्र पाळाच. 'कुणाचं घर झुडपी जंगलावर आहे?' असं वर्गात विचारू नका, मुलांना घरचे कागद आणायला सांगू नका. एखाद्या लेकरासाठी ते घरातलं मोठं टेन्शन असू शकतं. शाळेच्या जागेवरून पाठ पूर्ण होतो.

पालकांनाही एक सांगणं. 'कोर्टाने सगळं पाडायला सांगितलं' असं कुणी पारावर म्हणालं तर घाबरून जाऊ नका. जमीन कधी दिली, कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे तीन प्रश्न आधी विचारा आणि वाटपाचा कागद सांभाळून ठेवा. हेच तीन प्रश्न मुलांच्या वहीत लिहून द्या. पुनर्विलोकनाची व्याख्या त्यांना त्यातून समजेल.