भांडे एक, नावे सात

आपल्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात अकरावीतल्या एका मुलीने मला सरळ विचारले, "सर, पाली आज कोणी घरात बोलत नाही, मग ती शिकायची कशाला? आणि जिथे अजून इंग्रजी धड येत नाही, तिथे गावच्या बोलीचे काय करायचे?" मी बँकेतला कारकून, कला शाखेचा पदवीधर, भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. त्या दिवशी वेळ मारून नेली. पुढे थोडे वाचन केले, आणि स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला.

पालीबद्दल आधी. महाडजवळ महामार्गावरून दिसणारी गांधारपाल्याची लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथे कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाचा लेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. ती अक्षरे आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांसमोर शेकडो वर्षे होती. गुरे चारणारा पोरगाही त्यांवरून हात फिरवून गेला असेल. पण १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तोपर्यंत ती वाचणारा कोणी उरला नव्हता. लिपी विसरली गेली, भाषा मात्र पूर्ण मेली नाही. प्राकृत बोलता बोलता बदलत गेली आणि तिच्यातूनच आपली मराठी झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या आठवड्यात मराठीच्या नावाने सगळीकडे पेढे वाटले गेले, पालीची आठवण फारशी कोणी काढली नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्यासाठी कष्ट घेतले होते; महाराष्ट्र शासनाने ते काम १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनी तो खंड एकदा हातात घेऊन पाहावा.

म्हणजे एक भाषा बदलून दुसरी होते ते वेगळे, आणि आईची भाषा मुलगा बोलायचे सोडून देतो ते वेगळे. पहिल्यात वारसा चालू राहतो, दुसऱ्यात तो तुटतो. मला बोलायचे आहे ते या दुसऱ्याबद्दल.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातले, गोड आणि शुद्ध वाणीचे दोन भिक्खू, सख्खे भाऊ, तथागतांकडे तक्रार घेऊन आले. संघात नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा आम्ही ते छंदात, म्हणजे वेदाच्या वळणाच्या भाषेत बसवतो, असे त्यांचे म्हणणे. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली, तसे करण्यास मनाई केली आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकण्यास अनुमती दिली. 'आपली' म्हणजे भिक्खूची की स्वतः बुद्धाची, यावर विद्वानांत वाद आहे. आचार्य बुद्धघोषांनी ती मागधी मानली आहे. पण तक्रार कोणी केली, कोणाविरुद्ध केली आणि ती फेटाळली गेली, यात वाद नाही.

दुसरा संदर्भ मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्ताचा. तो मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. एकाच भांड्याला वेगवेगळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव, पोण अशी सात नावे आहेत. आपल्या गावचे नाव तेवढे खरे, बाकीची खोटी, असा हट्ट धरू नये. जिथे जाल तिथल्या लोकांच्या शब्दाने बोलावे, असे तिथे सांगितले आहे. भांडण टाळण्याचा हा उपदेश आहे. सात नावांपैकी सहा पुसून एक ठेवा, म्हणजे भांडण मिटेल, असा उपाय मात्र तथागतांनी सांगितला नाही!

आता घरचे सांगतो. मी पोलादपूरकडच्या एका वाडीत वाढलो. 'पानी' आणि 'आनि' म्हणत शाळेत गेलो. न आणि ण यांत आमच्या घरात कोणी कधी भेद केला नव्हता. एका गुरुजींनी फळ्यापुढे उभे करून 'पाणी' दहा वेळा म्हणायला लावले आणि वर्ग हसला. आज मी ण व्यवस्थित उच्चारतो. पण आईशी फोनवर बोलताना आजही माझी भाषा बदलते, आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान वर करून बघतो की काय, असे वाटते. नोकरीला वीस वर्षे झाली तरी ते गेलेले नाही. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात आपल्या सावित्रीच्या मुखाजवळच्या बाणकोटच्या नावाने बाणकोटी बोलीची नोंद आहे, हे मला चाळिशीत कळले. शाळेत कळले असते तर हसणाऱ्यांना काहीतरी उत्तर देता आले असते.

माझी आजी जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणे. गावात विजेची चक्की आली, जाते दाराबाहेर गेले, तशा ओव्याही गेल्या. कारण ती गाणी कामाची होती. काम संपल्यावर नुसते बसून म्हणायला तिला संकोच वाटे. मुंबईच्या काकांनी आग्रह करून तिच्या आवाजाची एक कॅसेट भरली होती. ती महाडच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरात पेटीत चिखल भरला. कॅसेट धुऊन वाळवली, पण तिच्यातून काही निघाले नाही. दुसरी प्रत केली नव्हती, हा दोष माझा.

सगळ्यांचे असे झाले नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या मायबहिणींनी १९९६ मध्ये गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. निरक्षर बायांनी आपल्या चळवळीचा इतिहास कसा पाहिला, हे त्यांतून जसे कळते तसे कुठल्या ग्रंथातून कळणार नाही.

मात्र 'संस्कृती जपा' ही घोषणा ऐकली की मी थोडा सावध होतो. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी जे टाकले ते विचार करून टाकले. मेलेले ढोर ओढणे, गावकीची कामे, उतरंडीतला नमस्कार, हीही त्या काळी 'परंपरा'च म्हणवत होती. ज्यांच्या खांद्यावर तिचे ओझे नव्हते त्यांनाच ती जतन करावीशी वाटते. तेव्हा काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आजीने गावकी सोडली ती स्वतःच्या मनाने. मी 'पानी' सोडले ते माझ्या मनाने नव्हे.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आपल्या महाड-पोलादपूर परिसरात कातकरी वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी किंवा काथोडी. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर शासनाने त्यांना राज्यातील आदिम जमातींत धरले आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात त्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या पुढे आहे. त्यांची स्वतःची बोली आहे, आणि ग्रिअर्सनच्या १९०५ च्या मराठीच्या खंडात काथोडीची नोंद आहे. संख्येकडे पाहिले तर ही भाषा धोक्यात आहे असे कोणाला वाटणार नाही. पण भाषा वाचते ती घरात मूल कोणत्या शब्दाने पाणी मागते त्यावर. पावसाळा संपला की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. मुलाची शाळा तुटते. आश्रमशाळेत ठेवले तर शाळा मिळते, पण तिथे पहिल्या दिवसापासून पुस्तक मराठी, गुरुजी मराठी, आणि चिडवणारी मुलेही मराठी. काही वर्षांनी तो सुट्टीत घरी येतो तो आजीला मराठीत उत्तर देत.

हे मी पुस्तकात वाचले नाही, माझ्या काउंटरवर पाहिले. एक कातकरी आजी नातवाला घेऊन पैसे काढायला आली होती. अंगठा उमटत नव्हता, मशीन पुन्हा पुन्हा नाकारत होते, मागे रांग वाढत होती. आजी नातवाशी आपल्या भाषेत काहीतरी बोलली. मी कावून म्हणालो, "आजी, नीट मराठीत सांगा की!" रांगेतले दोघेतिघे हसले. मुलाने आजीचा दंड दाबून तिला गप्प केले. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी ओळखले. फळ्यापुढे उभे असताना माझा चेहरा तसाच असणार. आणि हसणाऱ्यांपैकी एक आपल्याच वस्तीतला होता.

माझी पक्की समजूत झाली आहे की बोली गरिबीने मरत नाही, लाजेने मरते. आणि ती लाज बाहेरच्या कोणीतरी लावलेली असते. एकेकाळी लावणारे दुसरे होते. आज कातकऱ्याच्या बाबतीत आपणही त्यांत उभे आहोत.

आपल्याच रायगड जिल्ह्यातले उलट उदाहरण पाहा. रेवदंड्याजवळ कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेत मराठीचे वळण मिसळून झालेली बोली ते लोक आजही बोलतात. तिला ते 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास, कातकऱ्यांपुढे मूठभर. तरी पावणेतीनशे वर्षे ती टिकली, कारण एकच गाव, एकत्र वस्ती, शेती आणि चर्च. कोणाला दर दिवाळीनंतर गाव सोडावे लागत नाही. कातकरी वाडी अनेक ठिकाणी दुसऱ्याच्या जमिनीवर उभी असते. ज्याच्या झोपडीखालची जमीन त्याची नाही त्याला भाषा जपण्याचे व्याख्यान देणे बरे दिसत नाही. घराची जागा नावावर होणे आणि मजुरी गावाजवळ मिळणे, ही भाषेचीही कामे आहेत.

कायद्याचा आधार आहे. संविधानाच्या अनुच्छेद २९ प्रमाणे कोणत्याही नागरिक समूहाला आपली वेगळी भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा हक्क आहे. ८ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की हे संरक्षण व्यापक अर्थाने आहे. महाराष्ट्रातले लोक बंगालमध्ये जाऊन राहिले तर त्यांनाही ते मिळेल. अनुच्छेद ३५० क, जो १९५६ मध्ये आला, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगतो, आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावी असे म्हणतो. 'शक्य तेथवर' या दोन शब्दांत पुष्कळ काही बुडते. निदान पहिली-दुसरीच्या वर्गात कातकरी बोली येणारी एखादी ताई असावी, एवढे तरी अशक्य नाही.

ती आजी दोन महिन्यांनी पुन्हा आली. त्या दिवशी गर्दी नव्हती. मी तिला खुर्ची दिली आणि पाणी भरायच्या कळशीला तुमच्यात काय म्हणतात, असे विचारले. तिने नातवाकडे पाहिले. "तुमाला कशाला, साहेब?" म्हणाली. मी म्हटले, आमच्या वर्गातल्या मुलांना सांगायला. बराच वेळ ती हसत राहिली, मग एक शब्द सांगितला. मी तो पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर लिहिला. छापण्याची परवानगी मागितली नव्हती, म्हणून इथे देत नाही. नातू इतका वेळ दाराकडे बघत उभा होता. त्याने हात पुढे करून स्लिप मागितली, माझ्याच पेनाने एक अक्षर खोडले, वर दुसरे लिहिले आणि परत दिली.