आधी धंद्याची गरज, मग संगणक

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकानात संगणक घ्यावा की नाही, हा वाद आता जुना झाला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि लहान गावातल्या नोंदणीकृत दुकानदारालाही संगणकाशी, निदान करसल्लागाराच्या संगणकाशी, गाठ घालणे भाग पडले. गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी आली, गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देऊ लागले. तेव्हा आता प्रश्न एवढाच उरतो की, हे यंत्र आपल्या धंद्याच्या कोणत्या कामासाठी घ्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर न शोधता खरेदी झाली की काय घडते, ते आपण सर्वत्र पाहतो. सॉफ्टवेअर विकणारा येतो, पडद्यावर पन्नास सोयी दाखवतो, मालक खूश होऊन पैसे मोजतो. वर्षभराने पाहावे तर संगणकावर फक्त बिले छापली जातात. उधारी पूर्वीसारखीच लाल वहीत असते, माल किती शिल्लक आहे हे नोकराच्या डोक्यात असते आणि मोबाइलवर आलेली रक्कम कोणाच्या खात्यावर टाकायची, याचा रात्री घोळ होतो. एका धंद्याचे तीन हिशेब होतात आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. पैसे गेले ते गेलेच, शिवाय हिशेबावरचा विश्वासही जातो.

म्हणून आजच्या पाठात आपण एकच गोष्ट शिकणार आहोत. धंद्याची गरज आधी कागदावर उतरवावी आणि मग तिला जुळेल तेवढीच संगणक व्यवस्था घ्यावी.

वारणेचा धडा

याचे उत्तम उदाहरण आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा समूह यांनी मिळून तो उभारला होता. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात घेतली होती. गावागावांत संगणक केंद्रे निघाली. शेतकऱ्याला शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य आणि शिक्षणाची माहिती गावातच मिळावी, असा मोठा हेतू त्यामागे होता. त्या काळी या प्रकल्पाचा देशभर गाजावाजा झाला.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाच्या अभ्यासकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला. त्यांना आढळले की शेतकरी केंद्रावर येतो तो मुख्यतः उसाच्या कामासाठी. आपला ऊस किती भरला, तोडणीचा परवाना कधी मिळणार, खत किती उचलले, एवढेच त्याला हवे असते. बाकीच्या मोठ्या योजना बाजूला राहिल्या होत्या. शिवाय वीज जाणे आणि संगणक बिघडणे हे नेहमीचे दुखणे होते.

मग अभ्यासकांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा आणि उसाची माहिती एसएमएसनेच परत मिळवायची. संगणकावर होत असलेले सगळे काम या रीतीने झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही रीत अधिक आवडली. या प्रयोगाचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला.

या उदाहरणातून आपण काय घ्यावे? १९९८ च्या योजनेत हेतू चांगला होता, पैसा होता, यंत्रेही होती. पण शेतकऱ्याला रोज काय विचारायचे असते, हे नेमके कळले ते वापर तपासल्यानंतर. ते कळताच स्वस्त आणि साध्या साधनाने काम भागले. सरकार आणि साखर कारखान्याला हा धडा शिकायला काही वर्षे लागली. लहान दुकानदाराला तेवढा वेळ आणि तेवढा पैसा परवडणारा नाही. त्याने हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारला पाहिजे.

दुसरे उदाहरण टॅलीचे. आज आपले बहुतेक करसल्लागार हे सॉफ्टवेअर वापरतात. त्याचा जन्म एका व्यापाऱ्याच्या अडचणीतून झाला. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवत. आपल्या हिशेबाला जुळेल असे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना. तेव्हा त्यांनी आपला मुलगा भरत याला ते तयार करायला सांगितले. १९८६ सालची ही गोष्ट. गरज व्यापाऱ्याने सांगितली, म्हणून वस्तू व्यापाऱ्यांच्या उपयोगाची झाली.

आजऱ्याच्या काजूचा हिशेब

आता आपल्या आजऱ्याकडे वळू. आजरा आणि शेजारचा चंदगड तालुका काजूसाठी ओळखला जातो. काजू बी उन्हात वाळवायची, वाफवायची, फोडायची, गर भट्टीत सुकवायचा, साल काढायची आणि मग प्रतवारी करायची, असे हे काम आहे. एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात, त्यावरून २१०, २४०, ३२० असे नंबर पडतात. शिवाय पाकळी आणि तुकडा वेगळा. प्रत्येकाचा भाव निराळा.

समजा, अशा कारखानदाराने किराणा दुकानासाठी बनवलेले बिलाचे सॉफ्टवेअर घेतले. त्यात खरेदी आणि विक्री या दोनच नोंदी आहेत. शंभर किलो बी आत आली आणि साधारण पंचवीस ते तीस किलो गर बाहेर पडला, तोही सहा-सात प्रतींचा. हे रूपांतर त्या सॉफ्टवेअरला कळत नाही. त्याच्या हिशेबी गोदामात बी पडूनच राहते आणि गर मात्र कोठून आला, याचा पत्ता लागत नाही. मालक चिडून म्हणतो, संगणक चुकतो. खरे तर संगणक त्या धंद्यासाठी बनलेलाच नसतो.

या धंद्याची खरी गरज आहे ती प्रत्येक लॉटच्या उताऱ्याची. एक उदाहरण करून पाहू. समजा, एका लॉटची बी १२० रुपये किलोने मिळाली आणि दुसऱ्याची ११२ रुपयांनी. वरवर पाहता दुसरी बी आठ रुपयांनी स्वस्त. पण पहिल्या लॉटमधून शंभर किलोला २८ किलो गर निघाला आणि दुसऱ्यातून २४ किलो. आता भागाकार करा. पहिल्या लॉटच्या गराला किलोमागे बीचाच खर्च पडला सुमारे ४२९ रुपये, दुसऱ्याच्या गराला सुमारे ४६७ रुपये. म्हणजे ‘स्वस्त’ बी किलोमागे ३८ रुपयांनी महाग पडली. मजुरी, जळण आणि वीज यांचा खर्च अजून वेगळाच. शिवाय कोणत्या लॉटमधून अख्खा गर जास्त आणि तुकडा कमी निघाला, तेही पाहावे लागेल.

काजूचा हंगाम उन्हाळ्यातले दोन-तीन महिने. त्या मुदतीत वर्षभराची बी भरायची आणि मोठे भांडवल अडकवायचे. पुढच्या वर्षी कोणत्या व्यापाऱ्याची किंवा कोणत्या भागातली बी घ्यावी, हे उताऱ्याच्या नोंदीवरून ठरते. म्हणून काजूवाल्याने सॉफ्टवेअर पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा: ‘यात लॉटवार उतारा निघतो का?’ निघत नसेल, तर सुंदर छापलेली बिले त्याच्या काय कामाची?

प्रत्येक धंद्याचा प्रश्न वेगळा

गॅरेजवाल्याला लॉट नको. त्याला गाडीच्या नंबरावरून मागचे काम, बसवलेले भाग आणि राहिलेली बाकी दिसली पाहिजे. कापड दुकानदाराला साइज आणि रंगानुसार शिल्लक हवी, आणि ईद किंवा लग्नसराई संपल्यावर कोणता माल पडून राहिला तेही कळायला हवे. शिंप्याची गरज आहे मापे आणि कपडे द्यायची तारीख. त्याचे काम नीट ठेवलेल्या वहीने होत असेल, तर त्याने खुशाल वहीच ठेवावी. वही ठेवणे हा मागासपणा नव्हे. गरज नसताना घेतलेले यंत्र मात्र नक्कीच उधळपट्टी आहे.

गावाची परिस्थिती हीदेखील एक गरजच आहे. आंबोलीच्या घाटाला लागून असलेल्या या पट्ट्यात पावसाळा भारी. वीज किंवा इंटरनेट गेले तर बिल थांबते का, हे विकणाऱ्याला आधीच विचारावे. जे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय उघडतच नाही, ते पुण्या-मुंबईच्या दुकानाला चालेल. आपल्याकडे पावसाळ्यात ते गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवील.

कायद्याची गरज

काही गरजा आपल्या मर्जीच्या नसतात. आजऱ्याहून गोवा आणि बेळगाव दोन्ही जवळ, म्हणून माल राज्याबाहेर सहज जातो. पाठवलेल्या मालाची किंमत ५० हजार रुपयांच्या वर असेल, तर काही सवलतीचे पदार्थ वगळता ई-वे बिल लागते. हा नियम १ एप्रिल २०१८ पासून आहे. काजूवाल्यांसाठी आणखी एक बाब आहे. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न फोडलेल्या बीवरचा जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो. ही खरेदी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी दिसली नाही, तर वर्षअखेर नोटिशीला उत्तर देणे जड जाते. चालू दर व सवलती आपल्या करसल्लागाराकडून लेखी घ्याव्यात आणि सॉफ्टवेअर घेताना तो कागद समोर ठेवावा.

आपल्या बंधूंची म्हणून आणखी एक गरज आहे, ती जकातीच्या हिशेबाची. सरकारी हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, पण जकातीचे वर्ष चांद्र. ते सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून जकातीची तारीख दरवर्षी मागे सरकते. तेव्हा वर्षाच्या मधल्या कोणत्याही तारखेचा मालाचा साठा, हातातली रोकड, येणे आणि देणे एका कागदावर निघेल का, हे पाहून घ्यावे. मालाची किंमत कशी धरावी आणि बुडीत उधारीचे काय करावे, हे आलिमांना विचारावे. पण त्यांच्यासमोर ठेवायचे आकडे तर आपल्याच वहीतून निघाले पाहिजेत ना? तसेच काही सॉफ्टवेअरमध्ये थकलेल्या बाकीवर आपोआप व्याज चढवण्याची सोय असते. ज्याला व्याज घ्यायचे नाही, त्याने ती पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावी.

गरज कागदावर कशी उतरवावी?

यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. एक साधी वही आणि दोन आठवड्यांची चिकाटी पुरे.

१. गल्ल्यावर वही ठेवावी. दिवसभरात मालक, नोकर, गिऱ्हाईक आणि करसल्लागार जे प्रश्न विचारतात, ते तसेच लिहावेत. ‘अमक्याची बाकी किती?’ ‘हा माल संपला का?’ ‘मागच्या वेळी भाव काय लावला होता?’

२. दोन आठवड्यांनी त्यांचे तीन भाग करावेत. कायद्याने लागणारे, धंद्याचा नफा-तोटा ठरवणारे आणि नुसत्या सोयीचे. पहिल्या दोन भागांतील प्रश्नांना उत्तर न देणारे सॉफ्टवेअर घेऊ नये. तिसऱ्या भागासाठी जादा पैसे मोजू नयेत.

३. नफा-तोटा ठरवणारे प्रश्न पाच-सहाच निघतील. ते वेगळ्या कागदावर ठळक लिहावेत. हाच कागद विकणाऱ्याच्या हाती द्यावा.

४. प्रत्येक नोंद कोण करणार, ते नाव घालून ठरवावे. ‘वेळ मिळेल तो करील’ असे ठरले की कोणीच करत नाही.

पैसे देण्यापूर्वी

विकणाऱ्याचा नमुना पाहून भुलू नये. आपली स्वतःची वीस बिले घेऊन बसावे. त्यांत परत आलेला माल असावा, अर्धे रोख आणि अर्धे मोबाइलवर आलेले पैसे असावेत, जुन्या उधारीपोटी जमा झालेली रक्कमही असावी. ही वीस बिले आपल्यासमोर नोंदवून दाखवायला सांगावे. तेथेच निम्मी परीक्षा होते.

मग चार प्रश्न विचारावेत. वर्षाची फी किती आणि ती पुढे वाढणार का? बिघाड झाल्यास आजऱ्यात कोण येणार, की फोनवरच भागवायचे? रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी कशी ठेवायची? आणि उद्या आम्ही दुसरे सॉफ्टवेअर घेतले, तर आमच्या सगळ्या नोंदी आम्हाला परत मिळतील का? शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर न देणाऱ्याकडून काही घेऊ नये. उधारीची खाती ही आपली मालमत्ता आहे, ती दुसऱ्याच्या कुलपात ठेवणे शहाणपणाचे नाही.

खरेदीनंतर एक महिना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत. दर आठवड्याला दोन्हींची उधारी आणि शिल्लक ताडून पाहावी. फरक आला तर त्याचे कारण शोधावे. महिनाभर दोन्ही जुळले की वही बंद करावी. मात्र त्यानंतर उधारी एकाच जागी लिहिली जाईल, असा दंडक मालकाने स्वतःपासून पाळावा. नोकराला शिस्त लावून आपण मात्र खिशातल्या चिठ्ठीवर उधारी लिहिली, तर कोणतेही यंत्र उपयोगी पडणार नाही.

धंदा बदलतो, तशी गरजही बदलते. आज फक्त बी फोडणारा उद्या खारे काजू पाकिटात भरून गोव्याला पाठवू लागेल. म्हणून वर्षातून एकदा, साठ्याची मोजणी होते त्या वेळी, तो पाच-सहा प्रश्नांचा कागद पुन्हा काढावा. त्यातील किती प्रश्नांची उत्तरे आता आपल्याला लगेच मिळतात, ते मोजावे. उत्तरे मिळत असतील तर आपली व्यवस्था धंद्याच्या कामी आली. मिळत नसतील तर दुरुस्ती कोठे करायची, तेही त्याच कागदावरून कळेल.