देखभालीचा दाखला आणि त्याचा हिशेब

औद्योगिक देखभाल, म्हणजे यंत्रे बंद पडू न देण्याचे आणि पडलीच तर ती पुन्हा चालती करण्याचे काम, हे कागदावर मोजण्यास अवघड असलेले कौशल्य असल्यामुळेच त्याच्या प्रमाणपत्रांचे मोल ठरवताना फसगत होते. मुंबईच्या उपनगरांत या अडचणीत आणखी एक भर पडते. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात ज्या कारखान्यांनी जोडारी (फिटर) आणि वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) पोसले, त्यांतील अनेकांच्या जागी आज मॉल आणि निवासी मनोरे उभे आहेत. काम संपले नाही, त्याचा पत्ता बदलला: ते आता वातानुकूलनाच्या चिलरपाशी, रुग्णालयाच्या डीजी सेटपाशी (डिझेल जनरेटरपाशी), 8 जून 2014 रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोच्या सरकत्या जिन्यांपाशी आणि मरोळ-साकीनाक्याच्या उरल्यासुरल्या गाळ्यांत सापडते.

प्रमाणपत्र कशाच्या बळावर उभे आहे, हा पहिला प्रश्न होय. काही कागदांमागे कायदा असतो. विद्युत सुरक्षेच्या नियमांनुसार विजेच्या मांडणीचे काम अनुज्ञप्तीधारक कंत्राटदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक कामगारांकडूनच करवून घ्यावे लागते. बाष्पकावर (बॉयलरवर) प्रमाणित परिचर असण्याची अटही 1923 च्या कायद्यापासून चालत आली आहे. काही कागदांमागे शासन असते: 1950 च्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून निर्माण झालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अर्थात आयटीआय, अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड येथेही आहेत, आणि त्यांचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र सरकारी भरतीत पात्रता म्हणून मागितले जाते. तिसऱ्या प्रकारच्या कागदामागे केवळ तो देणाऱ्या संस्थेचे नाव असते. अशा शिक्षणात तथ्य नसते असे नव्हे. त्याचा भार मात्र शिकणाऱ्याच्या हातावर पडतो, कागदावर नाही.

प्रस्तुत लेखकाने हा भेद पैसे भरल्यानंतर ओळखला. आयटीआयनंतर काही वर्षे एका गाळ्यात देखभालीचे काम केल्यावर त्याने उपनगरातील एका खासगी वर्गात सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घेतला; त्यात पीएलसी, म्हणजे यंत्राच्या हालचालींचा क्रम ठरवणारा छोटा नियंत्रक संगणक, शिकवला जाईल असे सांगण्यात आले होते. तेथे बारा जणांमागे एकच संच होता आणि तोही बहुधा निदेशकाच्याच हाती राही. शुल्क 48,000 रुपये होते, आणि हिशेबात तेवढेच धरले गेले, ही मूळ चूक.

सुटलेला ओव्हरटाइम त्या हिशेबात नव्हता. महिन्याला 20,800 रुपये पगार म्हणजे 26 दिवसांच्या हिशेबाने तासाला 100 रुपये, आणि कारखाना कायदा, 1948 पासून रूढ असलेल्या दुप्पट दराने जादा तासाचे 200 रुपये होतात. आठवड्याला सहा तास याप्रमाणे 26 आठवड्यांत 156 तास, अर्थात 31,200 रुपये बुडाले. एकूण भार 79,200 रुपयांवर गेला. पुढे पगार 1,500 रुपयांनी वाढला खरा, परंतु त्या दराने भरपाई होण्यास जवळजवळ 53 महिने लागतात, आणि ही वाढ प्रमाणपत्रामुळे झाली की नुसत्या ज्येष्ठतेमुळे, हे मालकानेही कधी स्पष्ट केले नाही. लोकलच्या गर्दीत रोज गेलेला वेळ यात धरलेलाच नाही.

नुकत्याच आयटीआय झालेल्या तरुणाने म्हणून खासगी वर्गाकडे वळण्यापूर्वी शिकाऊ उमेदवारीचा विचार करावा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील या व्यवस्थेत शिकणारा शुल्क देत नाही, उलट विद्यावेतन घेतो; 2019 च्या दुरुस्तीने आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी ते महिन्याला किमान 7,000 रुपये ठरले, आणि 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. ही रक्कम मुंबईच्या घरभाड्यापुढे तोकडीच आहे, आणि काही ठिकाणी उमेदवाराला स्वस्त मजूर म्हणून राबवले जाते हेही नाकारता येत नाही; तरीही चालत्या यंत्राचा आवाज बिघडण्याआधी कसा बदलतो, हे कळण्याची संधी तेथे अधिक असते.

ज्याला नोकरी सांभाळूनच शिकायचे आहे, त्याने शुल्क भरण्यापूर्वी दोन चौकशा स्वतः कराव्यात. ज्या पदावर जायचे आहे त्या पदाच्या जाहिराती वाचून, या कागदावाचून अर्ज बाद होतो काय हे पाहावे. आणि कार्यशाळेत प्रत्यक्ष सराव चालू असताना उभे राहून, एका संचावर किती जण हात चालवतात ते मोजावे. वर्गाच्या भिंतीवरील यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे या मोजणीत धरू नयेत. बेअरिंगची बसवणूक, दोन शाफ्ट एका रेषेत आणणे किंवा कंपनमापन, म्हणजे यंत्राच्या थरथरीवरून दोष ओळखणे, असे नेमके एखादेच काम शिकवणारा लहान अभ्यासक्रम 'सर्वांगीण देखभाल' शिकवण्याचा दावा करणाऱ्या लांबलचक अभ्यासक्रमापेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी ठरतो.

प्रस्तुत लेखकाला पुढील नोकरी एका इमारतीच्या देखभाल विभागात मिळाली. मुलाखतीत तारतंत्र्याचा (वायरमनचा) परवाना पाहिला गेला, आयटीआयचा दाखला तपासला गेला, आणि मग तळघरातील पंपाचे पॅनल उघडून, मोटर का सुरू होत नाही ते शोधण्यास सांगण्यात आले. दोष ओव्हरलोड रिलेत होता. 48,000 रुपयांचे प्रमाणपत्र तेव्हा फाइलच्या शेवटच्या कप्प्यात होते आणि ते कोणी मागितले नाही.